पुतळा भर दिवसा उतरवावा

शेतकरी व कारागीर बंधूंनो, २७ डिसेंबर २०१० रोजीं उजाडण्यापूर्वींच पुणें महापालिकेनें लाल महालांतील दादोजी कोंडदेवांचा पुतळा काढला. दादोजी शहाजीराजांच्या जहागिरीचे कारभारी खरे. पण ते शिवरायांचे गुरु होते, याला त्या काळचा कागद कोठें आहे? पुतळा म्हणजे निरक्षरांचें पुस्तक. त्यांत खोटा धडा असेल तर तो पुसावाच. मात्र फळा पुसतांना मास्तर मुलांना कारण सांगतो. रात्रीं येऊन पुसत नाहीं. भर दिवसा, कागद वाचून पुतळा उतरविला असता, तर आमच्या नागपुराकडच्या खेड्यांतील पोरांनाहि तें उमगलें असतें. आतां एकच करा: मुलामुलींस मोडी शिकवा. जुनें दप्तर तीं स्वतः वाचतील, तेव्हां चौथऱ्यावर कोणाला बसवावयाचें हें दुसऱ्यास विचारावें लागणार नाहीं.