आश्रय देणाऱ्या हातांनाही संरक्षण



सासरी नांदणारी लेक एखाद्या संध्याकाळी अवेळी, हातात एकच पिशवी घेऊन दारात उभी राहते. अन्नावर तिची वासना नसते, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, दूरध्वनी वाजला की ती दचकते. दोन दिवसांनी आजीजवळ ती एवढेच बोलते, “मला नको असताना ते बळजबरी करतात. नाही म्हटले तर मारतात. आता न्यायला येतो म्हणाले आहेत.” अशा वेळी वडीलधाऱ्यांच्या तोंडून पहिले वाक्य कोणते निघते, यावर पुढचे पुष्कळ काही अवलंबून असते. “नवराबायकोतील गोष्ट आहे, सहन कर” हे वाक्य आपल्या पिढीने फार ऐकले आहे. ते आपण उच्चारू नये, म्हणून आजचा हा विषय.

पत्नी अठरा वर्षांवरील असेल आणि दोघे एकत्र राहत असतील, तर पतीची बळजबरी आपल्या दंडविधानात आजही बलात्कार ठरत नाही. म्हणून अनेक घरांत असा समज असतो, की यावर उपायच नाही. तो खरा नाही. ‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५’ या कायद्याने स्त्रीची अप्रतिष्ठा करणारे, तिला हीन लेखणारे कोणतेही लैंगिक वर्तन हिंसाचारात धरले आहे. केवळ पतीच नव्हे, तर एका घरात राहणारा वा राहिलेला सासरा, दीर, भाऊ, काका यांच्याविरुद्धही दाद मागता येते. पीडित स्त्रीला वयाची अट नाही. सत्तरी ओलांडलेली विधवाही अर्ज करू शकते.

या कायद्याखाली न्यायदंडाधिकारी ‘संरक्षण आदेश’ देतात. हा दिवाणी स्वरूपाचा उपाय आहे. गुन्हेगाराला शिक्षा करणे हा त्याचा पहिला हेतू नसून, पुढचा आघात रोखणे हा आहे. त्यासाठी आधी पोलिसांत गुन्हा नोंदवलेला असावा लागत नाही. आणि गुन्हा नोंदवायचा असल्यास तो मार्गही खुला राहतो. आदेशाने त्या पुरुषाला तिच्या कामाच्या ठिकाणी जाण्यास, तिच्याशी प्रत्यक्ष, पत्राने वा दूरध्वनीने संपर्क साधण्यास मनाई करता येते. आणखी एक तरतूद आपण विशेष लक्षात ठेवावी. तिच्या नातेवाइकांना किंवा तिला मदत करणाऱ्या कोणालाही इजा करण्यास मनाई करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. म्हणजे तिला आसरा देणाऱ्या आजी-आजोबांचाही त्यात विचार झालेला आहे. अर्जात आपल्याला आलेल्या धमक्या म्हणूनच स्पष्ट लिहाव्यात.

अर्ज ती स्वतः, संरक्षण अधिकारी किंवा तिच्या वतीने अन्य कोणीही करू शकते. ती सध्या जिथे तात्पुरती राहत आहे, तेथील न्यायालयातही तो चालतो. सासरच्या गावी जावे लागत नाही. पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांच्या आत ठेवावी आणि त्यानंतर साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात विलंब होतो, हे मान्य करावे लागेल. म्हणूनच पहिल्याच दिवशी अंतरिम आदेशाची मागणी करावी; धोका तातडीचा असल्यास दुसऱ्या बाजूला न ऐकताही तो देता येतो. सुनावणी बंद दालनात व्हावी, अशी विनंतीही करता येते. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रीला तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

आदेशाची प्रत विनामूल्य मिळते व पोलीस ठाण्यालाही पाठवली जाते. एक प्रत घरी हाताशी ठेवावी, दुसरी विश्वासू शेजाऱ्याकडे द्यावी. आदेश मोडल्यास तो दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा ठरतो. एक वर्षापर्यंत कैद, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तो दारात आला, तर वाद घालत बसू नये. कडी लावून ११२ हा क्रमांक फिरवावा. महिलांसाठी १८१ आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ या मदतवाहिन्या आहेत.

आता मर्यादा. अत्याचार करणारा परका असेल, तर हा कायदा लागू होत नाही. तेथे पोलीस तक्रार हाच मार्ग असून, धमक्या येत असल्यास साक्षीदार संरक्षण योजनेखाली संरक्षण मागता येते. पीडित मूल अठरा वर्षांखालील असेल, तर पोलिसांना कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. ते प्रकरण घरात मिटवता येत नाही. बलात्कारपीडितेवर तत्काळ व विनामूल्य उपचार करणे सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांवर बंधनकारक आहे. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधे बहात्तर तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, म्हणून विलंब करू नये.

आणि सर्वांत आधी, तिचे बोलणे पूर्ण ऐकून घ्यावे. खोदून प्रश्न विचारू नयेत, तिच्या संमतीवाचून नातलगांत बोलू नये. अर्ज करायचा की नाही, हा निर्णय प्रौढ स्त्रीचा असतो. आपण तिला ताटावर बसवावे, रात्री दिवा लावून शेजारी निजावे, आणि सांगावे, “तुझ्यावर माझा विश्वास आहे. कचेरीत जायचे ठरलेच, तर मी बरोबर येईन.”