परत आल्यावर

आमच्या एका वृद्ध वाचकभगिनींचें पत्र आलें आहे. त्यांचा नातू आपल्या विद्यापीठाच्या करारान्वयें सहा महिने जर्मनींतील एका विद्यापीठांत शिकावयास जाणार असून तेथील विद्यार्थिगृहांत राहणार आहे. आजीबाई लिहितात, "तो तिकडे काय खाईल याची काळजी सूनबाई करीत आहे. माझी काळजी वेगळी. परत येईल तो आमचाच असेल ना?" हा प्रश्न आज पुष्कळ घरांत मनांतल्या मनांत विचारला जात असेल, म्हणून त्याचा विचार येथें करूं.

प्रथम ही व्यवस्था काय आहे तें पाहूं. अदलाबदलीनें जाणारा विद्यार्थी आपलें विद्यापीठ सोडीत नाहीं. बहुधा शुल्क तो घरच्याच विद्यापीठास देतो, पदवीही तेथलीच घेतो. मधलें एखादें सत्र मात्र परक्या विद्यापीठांत काढतो. युरोपांत असा उपक्रम 'इरॅस्मस' या नांवानें 1987 सालीं सुरू झाला. पहिल्या वर्षीं 11 देशांचे 3244 विद्यार्थी त्यांत होते. 2015 पासून आपल्या देशांतील विद्यापीठांनाही करार करून त्यांत भाग घेतां येऊं लागला.

या उपक्रमासाठीं जी खटपट झाली, तिच्या मुळाशीं एका विद्यार्थिनीची निराशा आहे. रोमच्या सोफिया कोर्राडी या कायद्याचा अभ्यास करीत असतां शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेल्या व तेथील पदवी घेऊन 1958 सालीं परतल्या. घरच्या विद्यापीठानें तें शिक्षण जमेस धरण्याचें साफ नाकारलें. हा सल त्या विसरल्या नाहींत. बाहेर शिकलेलें घरीं मान्य झालेंच पाहिजे, यासाठीं त्यांनीं वर्षानुवर्षें प्रयत्न केले. आज विद्यार्थी निघण्यापूर्वींच कोणते विषय शिकावयाचे याचा लेखी करार होतो आणि त्यावर विद्यार्थ्याची व दोन्ही विद्यापीठांची सही असते. एका सत्राचे 30 श्रेयांक, एका श्रेयांकास 25 ते 30 तासांचें काम, असा हिशेब ठरलेला आहे. आणि ते श्रेयांक घरच्या विद्यापीठानें जमेस धरावयाचे.

आतां विद्यार्थिगृहाकडे वळूं. जर्मनींतील अशा पुष्कळ गृहांत निजावयाची खोली ज्याची त्याची, पण स्वयंपाकघर सामाईक असतें. फ्रीजमध्यें प्रत्येकाचा कप्पा ठरलेला. कागद, ओला कचरा, बाटल्या यांचे डबे निरनिराळे. रात्रीं 10 नंतर गलबला करावयाचा नाहीं. रविवारीं दुकानें बंद. शनिवारीं पीठमीठ आणून ठेवलें नाहीं तर उपास घडावयाचा. साफसफाईच्या पाळ्या लावलेल्या असल्या तर त्यांत मुलगा-मुलगी असा भेद नसतो.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या मुलास दहा माणसांत राहणें नवें नाहीं. नवें एवढेंच कीं, त्या दहांत आई, काकू, आत्या कोणी नाहीं. करपलेलें पातेलें दुसऱ्या दिवशींही तसेंच समोर दिसतें, तेव्हां आजवर तें कोण घाशीत होतें हें त्यास प्रथम उमगतें. या विषयास श्रेयांक नाहींत. पण आमच्या मतें सहा महिन्यांतील हा मोठा धडा होय.

आणि आजीबाईंच्या प्रश्नाचें उत्तरही येथेंच आहे. एकोणिसाव्या शतकांत विलायतेहून परतलेल्यास आपल्या समाजांत प्रायश्चित्ताचा आग्रह होत असे. विद्या चाले, विद्वान् मात्र शुद्ध करून घ्यावा लागे. ती चाल गेली, पण तिचा सौम्य अवतार घरोघरीं आहे. मुलगा परत येतो, जेवून उठल्यावर आपलें ताट घासावयास नेतो, आणि आपणच म्हणतों, "ठेव रे, तें का तुझें काम?" मुलगी सहा महिने परक्या मुलखांत स्वतःचा जमाखर्च चोख ठेवून येते, आणि बँकेचे कागद मात्र तिला वगळून धाकट्या भावापुढें जातात. कोर्राडीबाईंच्या विद्यापीठानें केलें तें याहून निराळें काय?

नातू बदलेल यांत शंका नाहीं. बदललाच नाहीं तर एवढा खर्च व्यर्थ. तो आपला राहील कीं नाहीं, हें मात्र बरेंचसें घरावर अवलंबून आहे. जेथें आपलें शिकलेलें कोणी मोजीत नाहीं, तेथें माणूस पाहुण्यासारखा वागूं लागतो. म्हणून आजीबाईंस आमची विनंति अशी कीं, विद्यापीठाप्रमाणें घरानेंही निघण्यापूर्वींच करार करावा. परत आल्यावर पहिले चार दिवस नातवाचे खुशाल लाड करावे. पुढें आठवड्यांतील एका रात्रीचा स्वयंपाक व मागची आवराआवर त्याच्याकडे सोंपवावी. आमटींत मीठ कमी पडलें तरी सर्वांनीं मुकाट्यानें जेवावें, आणि सूनबाईंनीं त्या रात्रीं माजघरांत स्वस्थ बसावें.