इंजिन पुसण्यापूर्वी वाचा

१/ जुन्या मोटारींच्या छंदात ‘अगदी मूळ रूपात’ या शब्दांना फार मान आहे. घरी इंजिन उतरवायचे, काजळी खरवडायची आणि ते कालच कारखान्यातून आले असे वाटेपर्यंत उजळायचे. माझे मत असे की, या उजळण्यात पुष्कळदा पुरावाच पुसला जातो. फोक्सवॅगन बीटलच्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनावरून हे पाहू.

२/ हे इंजिन घरी खोलता येते, याचे मूळ त्याच्या रचनेत आहे. समोरासमोर आडवे चार सिलिंडर आणि थंड करायला पंख्याची हवा. रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही. १९३० च्या दशकातील जर्मनीत सामान्य माणसाची गाडी हिवाळ्यातही उघड्यावरच राहणार होती. तिच्यात गोठायला पाणीच नको, हा मोठा गुण होता.

३/ इंजिन गिअरबॉक्सला चार बोल्टांनी जोडलेले असते. ते काढून तारा, केबली आणि पेट्रोलची नळी सोडवली की सुमारे १०० किलोंचे हे धूड जॅकवर घेऊन खाली उतरवता येते. प्रत्येक सिलिंडर सुटा. झिजला तर पिस्टनसह नवा बसवायचा. १९६९ मध्ये जॉन म्यूर या अमेरिकी अभियंत्याने ‘हाउ टू कीप युवर फोक्सवॅगन अलाइव्ह’ हे पुस्तक काढले, ते अजिबात अनुभव नसलेल्या मालकासाठी. दुरुस्तीचे ज्ञान कारागिराकडून मालकाकडे आले, त्याचा हा एक ठळक दस्तऐवज आहे.

४/ आता धातूची साक्ष. जुन्या इंजिनांत तेल थंड करणारा कूलर पंख्याच्या आवरणातच, हवेच्या वाटेत उभा असे. त्यामुळे तिसऱ्या सिलिंडरला कमी आणि आधीच तापलेली हवा मिळे. त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळण्याची तक्रार जुनीच. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर बाजूला सरकवून त्याला हवेची स्वतंत्र वाट दिली गेली. तिसऱ्या सिलिंडरचा जळका व्हॉल्व्ह हाती आला, तर त्या बदलामागचे एक कारणच हाती आले असे समजा.

५/ मालकांच्या खुणाही असतात. बेअरिंगच्या पाठीवरचा मापाचा आकडा सांगतो की क्रँककेस पूर्वी कोरून मोठी केली होती का. थर्मोस्टॅट गायब असेल, तर ‘गरम प्रदेशात त्याची गरज काय?’ असे म्हणून कोणीतरी तो काढलेला असू शकतो. अशा इंजिनाला तापायला वेळ लागतो आणि झीज वाढते. वापरणाऱ्याची ही समजूत कारखान्याच्या कागदांत कशी सापडणार?

६/ मात्र धातू सर्व काही सांगत नाही. १९३८ मध्ये नाझी राजवटीने या कारखान्याची पायाभरणी केली. तीन लाखांहून अधिक जर्मनांनी आठवड्याला ५ मार्कांचे तिकीट चिकटवून गाडीसाठी बचत केली. युद्धापूर्वी किंवा युद्धकाळात त्यांपैकी एकालाही गाडी मिळाली नाही. युद्धकाळात तेथे सुमारे २०,००० जणांना सक्तीने राबवले गेले. त्यांत छळछावण्यांतील कैदीही होते. १९४५ मध्ये ब्रिटिश अधिकारी आयव्हन हर्स्ट यांच्या देखरेखीखाली उत्पादन सुरू झाले आणि पुढे ही गाडी जगाची लाडकी ठरली.

७/ म्हणून एकट्या इंजिनावर विसंबू नये आणि एकट्या कागदांवरही. इंजिन वापराचा इतिहास सांगते. ते कोणाच्या घामातून उभे राहिले, हे दप्तर सांगते. जो केवळ चकाकी पाहतो, त्याला दोन्ही कळत नाहीत.

८/ ‘गाडी चालायला हवी, झिजलेली बेअरिंग जपून काय करायचे?’ हा आक्षेप रास्त आहे. बेअरिंग बदलावीच. पण पुसण्यापूर्वी छायाचित्र घ्या. खोलण्यापूर्वी क्रँकशाफ्टची पुढे-मागे होणारी हालचाल मोजून लिहा, ती ०.०७ ते ०.१३ मिमी असायला हवी. काढलेल्या भागांना चिठ्ठी बांधून डब्यात ठेवा. एवढी शिस्त उत्खननात आपण मातीच्या खापरालाही देतो.

९/ आणि इंजिनाचा क्रमांक गाडीच्या कागदांशी जुळत नसेल, तर तिला ‘खोटी’ म्हणू नका. थकलेले इंजिन देऊन कारखान्यात नव्याने बांधलेले घेण्याची सोय फोक्सवॅगननेच ठेवली होती. न जुळणारा क्रमांक हा त्या गाडीच्या आयुष्यातला एक प्रसंग आहे, कलंक नव्हे.

१०/ ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतील पुएब्ला येथे शेवटची बीटल तयार झाली, एकूण २,१५,२९,४६४. उत्पादनाचा इतिहास त्या दिवशी संपला. वापराचा इतिहास मात्र अजून चालू आहे, आणि त्याचे दप्तर लोकांच्या घरांत, तेलकट हातांत आहे. चिंधी उचलण्याआधी वही उघडा.