चौदा वर्षांचं शेड्यूल

गेल्या आठवड्यात अप्रेजलचा फॉर्म भरत होतो. त्यात तो नेहमीचा प्रश्न: पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता? दरवर्षी मी काहीतरी ठोकून देतो. यंदा हात अडला, कारण आदल्याच रात्री 'जय भीम कॉम्रेड' बघून संपवला होता. हा माहितीपट करायला आनंद पटवर्धनांना १४ वर्षं लागली. आमच्याकडे १४ दिवस उशीर झाला तरी वरपर्यंत मेल जातात!

पण मला चिकाटीबद्दल बोलायचं नाहीये. तिचं कौतुक सगळेच करतात.

१९८५ मध्ये पटवर्धनांनी 'हमारा शहर' केला. मुंबईत ज्यांच्या झोपड्या पाडल्या जात होत्या त्या लोकांवर. त्यात एक बाई भडकून त्यांनाच सुनावते, की गरिबांचे फोटो काढून तुम्ही नाव कमावणार. दुसऱ्या कुणी हा तुकडा एडिटिंगमध्ये गुपचूप उडवला असता. यांनी ठेवला. आणि मला विचाराल तर ती बाई बरोबरच होती. फिल्मचं नाव झालं, झोपड्या पडायच्या काही थांबल्या नाहीत.

त्याच फिल्ममध्ये विलास घोगरे नावाचे शाहीर गातात. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. लोक रस्त्यावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला, १० माणसं गेली. काही दिवसांतच घोगरेंनी आत्महत्या केली. पटवर्धन पुन्हा कॅमेरा घेऊन निघाले ते इथून, आणि फिल्म आली २०११ मध्ये. म्हणजे विषय शोधत ते गेले नव्हते. आधीच्या कामातला ओळखीचा माणूस गेला, म्हणून गेले. त्या बाईला यापेक्षा प्रामाणिक उत्तर काय असू शकतं, मला तरी सुचत नाही.

(मधल्या काळात 'वॉर अँड पीस'ला सेन्सॉरने कट सांगितले, तर हा माणूस हायकोर्टात गेला आणि २००३ मध्ये एकही कट न देता जिंकला. त्यावर पुन्हा कधीतरी.)

रूममेट म्हणतो, "ज्याला परवडतं त्याने करावं रे, आपल्याला ईएमआय आहेत." खरंय. मीही काही नोकरी सोडून कॅमेरा घेणार नाहीये.

पण दोन वर्षांपूर्वी एका बाईंची तक्रार आली होती, की आमच्या सिस्टिममध्ये त्यांचा अर्ज दर वेळी अडकतो, कारण त्यांना आडनाव लावायचं नाही आणि ती चौकट रिकामी चालत नाही. मी 'डिझाइनप्रमाणेच आहे' असं लिहून तक्रार बंद केली होती. शुक्रवार होता, घरी जायचं होतं. त्या बाईंचं पुढे काय झालं, मी कधी विचारलंसुद्धा नाही.

असो. फॉर्ममध्ये शेवटी 'टीम लीड' असंच लिहिलं. ती तक्रार मात्र आज पुन्हा उघडलीये. बघू, सोमवारी मॅनेजर काय म्हणतो.