वाजवणाऱ्याचं नाव काय?



रात्रीचे साडेअकरा वाजले होते. दुसऱ्या दिवशी मशीन ड्रॉइंगच्या शीट्सचं सबमिशन, त्यामुळे हॉस्टेलचा अख्खा मजला जागा! मी नेहमीप्रमाणे माझं आवडतं गाणं लावलं. गाणं होतं फ्रेडी आगीलार या फिलिपिनो गायकाचं, ‘अनाक’. रूम पार्टनरने पेन्सिल खाली ठेवली.

“काय लावलं बे हे? कोणत्या देशाचं हाय?”

“फिलिपिन्स.”

“समजते काय तुले?”

“एक शब्द नाही.”

“मंग आयकतो काऊन?”

याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. पण दोन मिनिटांनी पाहतो तर काय, हाच पठ्ठ्या ड्रॉइंग बोर्डवर बोटांनी ठेका धरून बसलेला! मग मी त्याला सांगितलं, अनाक म्हणजे लेकरू. आईबापाने जिवापाड वाढवलेलं लेकरू मोठं होऊन वाट चुकतं, त्याचं हे गाणं. १९७८ सालचं. तागालोग भाषेतलं हे गाणं पुढे कितीतरी देशांत, कितीतरी भाषांत गायलं गेलं. आगीलार २०२५ च्या मे महिन्यात गेला. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका हॉस्टेलमध्ये त्याच्यासाठी कोणाला तरी वाईट वाटलं, हे त्याच्या घरच्यांना कधी कळणार नाही. असो.

हो, मी फिलिपिनो संगीतकारांचा फॅन आहे! मित्र हसतात, हसू देत. अर्नेल पिनेडाची गोष्ट ऐका. तेराव्या वर्षी आई गेली, घर सुटलं, मनिलाच्या बागेत बाकावर झोपून दिवस काढले. पुढे वर्षानुवर्षे बारमध्ये आणि हॉटेलांत दुसऱ्यांची गाणी गायली. २००७ मध्ये अमेरिकेतल्या ‘जर्नी’ या प्रसिद्ध बँडच्या गिटारवादकाने यूट्यूबवर त्याचे व्हिडिओ पाहिले आणि त्याला थेट बोलावून घेतलं. बारमध्ये लोकांची गाणी गाणारा माणूस एका जगप्रसिद्ध बँडचा मुख्य गायक झाला.

पण पिनेडा एकटा. त्याच्यासारखे हजारो फिलिपिनो वादक हाँगकाँगपासून दुबईपर्यंत हॉटेलांत आणि जहाजांवर रोज रात्री वाजवतात. लोक जेवतात, टाळ्या वाजवतात, निघून जातात. नाव कोणी विचारत नाही. वर शहाणे लोक म्हणतात, “हे तर नुसती नक्कल करतात!” मित्रांनो, नक्कल काय असते हे आपल्याला कोणी शिकवू नये. फर्स्ट इयरला आपण कोणाच्या शीट पाहून शीट काढल्या? हात बसायला आधी दुसऱ्याचीच रेघ गिरवावी लागते. ती रेघ तंतोतंत गिरवणं हीसुद्धा कारागिरीच आहे.

एवढे वादक एकाच देशात कुठून आले? उत्तर गावात आहे. स्पॅनिश काळात तिथे गावोगावी चर्च झालं, चर्चबरोबर गायन आलं, गावजत्रेसाठी गावाचा स्वतःचा बँड आला. मनिलाजवळ लास पिन्यास आहे, आता ते शहर झालं आहे. तिथल्या दिएगो सेरा नावाच्या पाद्र्याने १८२४ मध्ये एक ऑर्गन पूर्ण केला. नळ्यांसाठी त्याने काय केलं? बांबू वापरले! १०३१ नळ्यांपैकी ९०२ बांबूच्या. कीड लागू नये म्हणून बांबू आधी वाळूत पुरून ठेवले. भूकंप-वादळांत ऑर्गन मोडला, पण लोकांनी टाकून दिला नाही. १९७३ मध्ये तो दुरुस्तीला जर्मनीला गेला आणि १९७५ मध्ये परत गावात आला. आजही वाजतो! परिसरात मिळेल त्या सामानात काम भागवणं, ही आपल्या ब्रँचची खरी व्याख्या नाही का?

आता कोणी म्हणेल, एवढ्या लांब कशाला जायचं? बरोबर आहे. आपल्या शेजारच्या गोव्यात अगदी हेच घडलं आहे.

पोर्तुगीजांच्या काळात गोव्याच्या खेड्याखेड्यांत चर्चच्या शाळा होत्या. तिथे पोरांना सुरांची लिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. ही पोरं पोटासाठी मुंबईला आली आणि आपापल्या गावाच्या ‘कूड’मध्ये राहिली. कूड म्हणजे एका गावच्या लोकांनी मिळून चालवलेलं स्वस्तातलं हॉस्टेलच समजा! तिथून ही पोरं आधी हॉटेलांच्या जॅझ बँडमध्ये गेली, मग सिनेमाच्या स्टुडिओत. कारण साधं होतं. आपल्याकडचे संगीतकार चाल गाऊन किंवा पेटीवर वाजवून दाखवत. पण समोर तीस-चाळीस व्हायोलिनं बसली, तर प्रत्येकाने नेमकं काय वाजवायचं हे कागदावर लागतं. ते लिहिणारे आणि वाचणारे हात गोव्याचे होते.

चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ, सी. रामचंद्रांबरोबर होता. १९५१ च्या ‘अलबेला’त तो आपला बँड घेऊन पडद्यावरही दिसतो. शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागचा तो व्हायोलिनांचा समुद्र बरीच वर्षं सेबास्टियन डिसूझा लिहीत होते. आणि अँथनी गोन्साल्विस! ‘अमर अकबर अँथनी’मध्ये अमिताभ अंड्यातून बाहेर येऊन जे नाव सांगतो, तो माणूस खरा होता. गोव्यातल्या माजोर्ड्याचा व्हायोलिनवादक, प्यारेलाल यांचा गुरू. १९५८ मध्ये त्यांनी भारतीय रागांवर भलामोठा वाद्यवृंद उभा केला, १९६५ मध्ये ते अमेरिकेला गेले, नंतर गोव्यात परतून शांतपणे राहिले आणि २०१२ मध्ये गेले. १९७७ च्या त्या गाण्यात शिष्याने गुरूचं नाव घेतलं, म्हणून ते नाव आपल्या तोंडी आहे. बाकीच्यांचं काय? त्यांना रेकॉर्डिंगचे पैसे मिळाले, पण तबकडीवर नाव आलं नाही. पुढे सिंथेसायझर आले, ट्रॅकवर रेकॉर्डिंग सुरू झालं आणि ती व्हायोलिनंही हळूहळू उठून गेली.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. मराठी भावगीताचा विषय निघाला की मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांचं नाव निघतं. त्यांची ‘शीळ’ जी. एन. जोशींनी गायली आणि ती घरोघरी गेली. कवी माहीत, गायक माहीत. साथीला कोण होतं, हे विचारायचं आपल्याला सुचतसुद्धा नाही. शेगावहून पालखी पंढरपूरला निघते तेव्हा शेकडो टाळ एका ठोक्यावर पडतात. ती शिस्त कोणत्या म्युझिक स्कूलची? गावच्या देवळाची! हरिनाम सप्ताह, काकडा, एकादशीचं भजन. फी नाही, अॅडमिशन नाही, कट-ऑफ नाही. गोव्यात जे चर्चच्या शाळेने केलं, ते इथे भजनी मंडळाने केलं.

माझा रूम पार्टनर त्याच शाळेचा विद्यार्थी निघाला! गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून तो सातव्या वर्षी पखवाज शिकला. गुरुदक्षिणा एक नारळ. हे मला दीड वर्षाने कळलं. का? तर हॉस्टेलच्या फॉर्मवर छंद म्हणून त्याने ‘क्रिकेट’ लिहिलं होतं. “भजन लिहिलं असतं तर पोट्टे हासले असते ना बे!” त्याला क्रिकेटमध्ये साधी बॅट धरता येत नाही.

आणि आता कबुली. गेल्या वर्षी गॅदरिंग कमिटीत मी होतो. शोभायात्रेला जवळच्या गावचा बँड बोलावला होता. ती माणसं भर उन्हात दोन तास वाजवत होती, आपण नाचत होतो. संध्याकाळी स्टेजवरून सगळ्या स्पॉन्सर्सची नावं वाचली गेली, तीही दोनदा. मंडपवाल्याचे आभार मानले, साउंडवाल्याचे मानले. बँडचा उल्लेख नव्हता. ते आभाराचं भाषण मीच लिहिलं होतं. हिशेबाच्या वहीत तो खर्च खुर्च्या आणि टेबलांबरोबर ‘भाड्याचे साहित्य’ या सदरात टाकला, तोही मीच. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातले एक काका राहिलेले पैसे घ्यायला आले. क्लॅरिनेट वाजवणारे. मी विचारलं, “पावतीवर नाव काय लिहू?” ते म्हणाले, “लिव्हा ना, बँडवाले.”

तिकडे मनिलाच्या गायकासाठी हळहळणारा मी, इथे दोन तास समोर वाजवणाऱ्या माणसाचं नाव विचारायला पावतीची वेळ यावी लागली! आणि तोपर्यंत त्या काकांनाही नाव सांगायची सवय उरली नव्हती. मी पुन्हा विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं. पण ते फक्त पावतीवर गेलं, स्टेजवर नाही.

कोणी म्हणेल, डीजे स्वस्त पडतो, पोरांना तेच आवडतं. मान्य. मीही नाचतो. डीजे बंद करा असं माझं म्हणणं नाही. माझ्या मागण्या अगदी लहान आहेत. एक, गॅदरिंगच्या पत्रिकेत प्रत्येक वादकाचं नाव छापावं, मग तो बाहेरून बोलावलेला असो की आपल्या बॅचचा. दोन, महिन्यातून एक रात्र कॉमन रूममध्ये टीव्ही बंद ठेवावा आणि ज्याला जे वाजवता येतं ते त्याने वाजवावं. पेटी, गिटार, डफडं, काहीही. तीन, रेक्टर सरांना विनंती की कॉमन रूममध्ये कॅरमशेजारी एक पखवाज आणि चार टाळ ठेवावेत. खर्च एका कॅरम बोर्डापेक्षा जास्त होईल, पण पावडर लागणार नाही!

कणीक मात्र लागेल. पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक लावावी लागते, त्याशिवाय खर्जाचा आवाज निघत नाही. वस्तुमान वाढलं की कंपनसंख्या कमी होते, हे आपण व्हायब्रेशनच्या पेपरात लिहितो. पार्टनरला ते सातव्या वर्षीच बोटांनी कळलं होतं. मागच्या महिन्यात तो गावाहून पखवाज घेऊन आला. मेसच्या मावशींनी पोळ्यांच्या कणकेतला एक गोळा काढून दिला आणि त्या रात्री आमच्या मजल्यावर पहिल्यांदा तो वाजला. पंधरा-वीस पोरं दारात उभी होती. कोणी हसलं नाही.

यंदा गॅदरिंगच्या आभाराचं भाषण पुन्हा माझ्याकडेच आलं आहे. या वेळी मी पहिली ओळ आधीच लिहून ठेवली आहे. त्यात त्या क्लॅरिनेटवाल्या काकांचं पूर्ण नाव आहे. त्यांना विचारूनच लिहिलं आहे. ऐकायला या!