‘पित्त झालंय’ एवढ्यावर थांबू नका

छातीत जळजळले की ‘पित्त झाले’ म्हणायचे, मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी आणायची आणि रोज सकाळी चहाबरोबर एक घ्यायची. पट्टी संपली की दुसरी. अनेक घरांत अशी वर्षे निघून जातात. बायका तर सगळ्यांचे दस्तरखान आवरून उशिरा जेवतात, लगेच आडव्या होतात आणि त्रास अंगावर काढतात.

अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंची एक झडप असते. घास खाली गेला की ती मिटते. ती सैल पडली किंवा पोटावर दाब आला की जठरातले आम्ल वर चढते. घशाशी आंबट पाणी येते, छाती जळते, कधी रात्री नुसता कोरडा खोकला येतो. भरल्या पोटी आडवे झाले की आम्लाची वाट आणखी सोपी होते.

म्हणून जेवण आणि झोप यांत दोन ते तीन तास जाऊ द्यावेत. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली ठोकळे ठेवून ती बाजू सहा ते आठ इंच उचलावी. नुसत्या उशा वाढवल्याने मानच वाकते. डाव्या कुशीवर झोपावे. वाढलेले वजन उतरवावे, तंबाखू आणि मिश्री सोडावी. रमजानमध्ये इफ्तारला एकदम तळलेले पोटभर खाणे आणि सहेरीनंतर लगेच झोपणे, या दोन सवयी बदलल्या तरी बराच फरक पडतो.

एवढे करूनही आठवड्यातून दोन-तीनदा त्रास होत असेल, तर डॉक्टरांकडे जावे. तिथे नीट सांगणे महत्त्वाचे. वर्गात मुलगा ‘गणित येत नाही’ म्हणाला, तर आपण ‘कुठे अडले?’ असे विचारतो. डॉक्टरांनाही तेच हवे असते. त्रास कधी होतो, कशाने वाढतो, किती दिवसांपासून आहे, हे आठवडाभर कागदावर टिपून न्यावे. चालू असलेली सगळी औषधे दाखवावीत. सांधेदुखीच्या, ब्लडप्रेशरच्या आणि हाडांच्या काही गोळ्यांनीही जळजळ वाढते. मात्र त्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

मग आपणही विचारावे: ही गोळी जेवणाआधी की नंतर? पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल यांसारख्या गोळ्या सहसा जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायच्या असतात. किती आठवडे घ्यायची? पुष्कळदा चार ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासून पुढचे ठरते. वर्षानुवर्षे घेतल्यास काहींच्या शरीरात बी-१२ जीवनसत्त्व कमी पडते. रोजे असतील तर गोळीची वेळ आधीच ठरवून घ्यावी. रोजा झेपेल का, हेही मोकळेपणाने विचारावे. आजाऱ्याला नंतर रोजे पूर्ण करण्याची सवलत दिलेलीच आहे.

घास अडकणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, कारण नसताना वजन उतरणे, यांपैकी काही दिसले तर थांबू नये. छाती आवळून दुखत असेल, घाम फुटला असेल, दम लागत असेल, कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, तर ‘गॅस असेल’ म्हणून सोडा पाजत बसू नये. तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. तडक हॉस्पिटल गाठावे. खर्चाचा आणि संकोचाचा विचार नंतर करता येईल.