काटा खोटा की इंजिन?

भाड्याची गाडी ठरवताना आपण व्यापारी दर विचारतो, ताडपत्री पाहतो. ऑईल प्रेशरचा काटा चालतो का, हे मात्र कोणी विचारत नाही. मालेगावचे ग्रे कापड प्रोसेससाठी पाली-बालोतऱ्यापर्यंत जाते. वाटेत इंजिन बसले तर माल अडकतो, पेमेंट अडकते आणि ड्रायव्हर-क्लीनरचे हाल होतात ते वेगळेच.

काटा शून्यावर आला की ट्रान्सपोर्टवाला फोनवर म्हणतो, "मीटर खराब आहे, चालव." उलट काही मिस्त्री लगेच इंजिन उघडायला निघतात. माझ्या मते दोघेही नुकसानच करतात.

आधी इंजिन बंद करावे. सपाट जागी थोडे थांबून डिपस्टिकने ऑईल पाहावे. ते बरोबर असेल तर मिस्त्रीकडून ब्लॉकवरचा सेन्सर काढून तिथे हातमीटर लावून घ्यावे. इंजिन सुरू करून काही सेकंदांत प्रेशर चढले नाही तर लगेच बंद. गरम इंजिनाचे प्रेशर आयडलला कमीच असते, म्हणून आकडा कंपनीच्या पुस्तकाशी ताडावा.

हातमीटर ठीक दाखवत असेल तर इंजिन शाबूत. दोष सेन्सर, वायर किंवा काट्यात. जुन्या गाड्यांतल्या एका वायरच्या सेन्सरला अर्थ त्याच्या बॉडीतूनच मिळते. आट्यांवर टेप जास्त गुंडाळली तरी काटा चुकतो, हे चांगले मिस्त्रीही विसरतात! चावी चालू, इंजिन बंद ठेवून ती वायर क्षणभर बॉडीला टेकवावी. काटा एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेला तर वायर आणि मीटर ठीक, सेन्सर बदलावा. बीएस-6 गाड्यांत हा प्रयोग नको. तिथे सेन्सर कॉम्प्युटरला जोडलेला असतो, स्कॅनरच लावावा.

हातमीटरनेही प्रेशर कमी दाखवले तर गाडी ओढूनच न्यावी. ऑईलमध्ये डिझेल मिसळले असेल, पंप किंवा बेअरिंग घासले असेल. अशा वेळी दाट ऑईल ओतून काटा वर आणणे म्हणजे विरळ कापडाला खळ मारून वजनदार दाखवणे. आपल्या धंद्यात हा प्रकार कोणाला सांगायला नको.

पण सगळा दोष गाडीमालकावर टाकणेही बरोबर नाही. आपण भाड्यात शेवटच्या शंभर रुपयांपर्यंत घासाघीस करतो, आणि उशीर झाला की पैसे कापतो. मग ड्रायव्हर गाडी थांबवेल कशाला? लोडिंगपूर्वी इंजिन सुरू करून काटा दाखवायला सांगावा. बंद असेल तर गठाणी चढवू नयेत. आणि वाटेत काटा पडला म्हणून गाडी थांबली, तर त्या उशिराचे पैसे कापणार नाही, हे भाडे ठरवतानाच सांगून टाकावे.